वाचकांचे प्रश्न : अ‍ॅक्सलरेटेड मॅथ आणि घरची मदत

अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न मिडल स्कूलच्या (साधारण सहावी ते आठवी) गणिताचे आहेत. शाळेनुसार वर्गाचं नाव बदलतं. कुठे 'अ‍ॅक्सलरेटेड', कुठे 'कॉम्पॅक्टेड', कुठे 'ऑनर्स' म्हणतात. गाभा मात्र बहुधा एकच असतो. २०१०च्या कॉमन कोअर (अनेक राज्यांनी स्वीकारलेला शालेय अभ्यासक्रम) आराखड्यासोबत सुचवलेल्या एका मार्गात सातवी, आठवी आणि अल्जीब्रा वन (हायस्कूलचं पहिलं बीजगणित) असा तीन वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत बसवला आहे. काही शाळा ही दाटीवाटी सहावीपासूनच करतात. खालच्या उदाहरणांत 'क्ष' म्हणजे मुलांच्या वहीतला एक्स.

प्रश्न : मुलगी सातवीत, अ‍ॅक्सलरेटेड वर्गात आहे. सहावीपर्यंत कायम 'ए'. आता पहिल्या दोन युनिट टेस्टमध्ये ६८ आणि ७१. होमवर्क मात्र जवळजवळ सगळा बरोबर असतो. ट्यूशन लावावी का? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ट्यूशनचं नंतर पाहू. आधी होमवर्क बरोबर येतो याचा अर्थ काय ते पाहा. होमवर्कच्या पानावर सगळी उदाहरणं एका जातीची असतात आणि तीच रीत त्याच दिवशी वर्गात झालेली असते. कोणती रीत लावायची हे मुलीला ठरवावं लागतच नाही. युनिट टेस्टमध्ये पाच-सहा सेक्शन एकत्र येतात आणि तिथे ठरवणं हेच अर्धं काम असतं. म्हणून टेस्टच्या आधीच्या आठवड्यात त्याच युनिटची आणखी पानं सोडवून फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक सेक्शनमधली दोन-दोन उदाहरणं एका कोऱ्या कागदावर उलटसुलट क्रमाने उतरवा. सेक्शनचे नंबर लिहू नका. वही बंद, घड्याळ समोर. असा १२ उदाहरणांचा कागद दोनदा केला तरी टेस्टमध्ये गोंधळ कुठे होतो ते दिसतं.

दुसरं कारण जुनं असतं, आणि आमच्या मते तेच जास्त वेळा खरं निघतं. दाटीच्या वर्गात नवा भाग क्वचितच अडतो. अडतो तो दोन वर्षांपूर्वीचा अर्धवट राहिलेला भाग. एरवीच्या वर्गात शिक्षक त्याची उजळणी घेतात, इथे तेवढा वेळ नसतो. तेव्हा मुलीला रविवारी सकाळी २५ मिनिटांचा, कॅल्क्युलेटरशिवाय एक कागद द्या. पाच गट, प्रत्येकात चार उदाहरणं. प्रत्येक गटाचे नमुने देतो, उरलेली याच धर्तीवर तुम्ही बनवा.

अपूर्णांक : ५/६ − ३/८ (११/२४). ३/४ ÷ २/५ (१५/८). ७/८ आणि ५/६ यांत मोठा कोणता (७/८).

चिन्हं : −७ − (−१२) (५). −३² आणि (−३)² (पहिल्याचं −९, दुसऱ्याचं ९).

राशी : ५ − २(क्ष − ३) (११ − २क्ष). ४क्ष + ३क्ष − क्ष (६क्ष).

प्रमाण आणि टक्के : ५ पौंड तांदूळ ८ डॉलरला, तर १२ पौंड कितीला (१९.२०). २० टक्के सूट देऊन जाकीट ४८ डॉलरला मिळालं, तर मूळ किंमत किती (६०).

शब्दांतून राशी : 'एका संख्येपेक्षा ५ने कमी' कसं लिहाल (क्ष − ५). 

चारांत एक चुकलं तर बहुतेक घाई. दोन किंवा जास्त चुकली तर तिथे भगदाड आहे. पण नुसते गुण मोजू नका, कोणतं चुकीचं उत्तर आलं ते वाचा. चुकीचं उत्तर फार बोलकं असतं. ५ − २(क्ष − ३) याचं ३क्ष − ९ आलं, तर मुलीने आधी पाचातून दोन वजा केले, म्हणजे क्रियांचा क्रम कच्चा आहे. −१ − २क्ष आलं, तर क्रम ठीक आहे, पण वजा चिन्ह कंसातल्या दुसऱ्या पदापर्यंत पोचलं नाही. चुका दोन, त्यांचे उपायही दोन. पहिल्यासाठी राशी पुन्हा लिहून प्रत्येक पायरीत एकच क्रिया करायची. दुसऱ्यासाठी काही दिवस वजाबाकी 'अधिक ऋण' म्हणून लिहायची : ५ + (−२)(क्ष + (−३)). दिसायला बोजड, पण चिन्ह हरवत नाही.

तसंच जाकिटाचं. ५७.६० उत्तर आलं तर तिने ४८चे २० टक्के त्यात मिळवले. म्हणजे 'कशाचे टक्के' हा प्रश्नच तिला पडत नाही. इथे सूत्र सांगून भागत नाही. पट्टी काढायला लावा : मूळ किंमतीचे पाच समान तुकडे, त्यातला एक सुटला, उरलेले चार म्हणजे ४८, एक तुकडा १२. दोन-तीन वेळा पट्टी काढली की ०.८ × क्ष = ४८ हे तिचं तिलाच सुचतं.

भगदाड सापडलं की रोज १० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, तीन आठवडे. एका वेळी एकच गट. जास्त नको, कारण शाळेचा होमवर्क आहेच. आणि मिळालेल्या टेस्टचा कागद फेकू नका. प्रत्येक चुकीपुढे चारांपैकी एक अक्षर लिहायला सांगा : स (समजलंच नव्हतं), च (चिन्ह किंवा उतरवताना चूक), व (प्रश्न नीट वाचला नाही), वे (वेळ संपला). दोन टेस्टनंतर कोणतं अक्षर जास्त आहे ते बघा. 'च' आणि 'व' जास्त असतील तर ट्यूशनचे पैसे वाया जातील. 'स' जास्त असतील तर ट्यूशन लावा, पण शिकवणाऱ्याला हा कागद दाखवून. पुढच्या वर्षीचा अभ्यास आधीच शिकवणारे क्लास मात्र टाळा. खाली पोकळ असताना वर मजला चढवल्यासारखं होतं, आणि वर्गात 'हे मला येतं' म्हणून मुलगी ऐकायचंच सोडते.

प्रश्न : मी महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकलो. माझ्या रीतीने उत्तर बरोबर येतं, तरी मुलाचे मार्क कापले जातात. 'बाबा, टीचर असं करत नाहीत' हे रोजचं. (एक वडील, फ्रिस्को, टेक्सस)

उत्तर : मार्क उत्तराला नसून पायऱ्यांना असतात. आपली रीत चुकीची नाही, पण ती आपण कारण विसरून वापरतो, आणि मुलाच्या हातात कारणाशिवाय गेली की मोडते.

पक्षांतर घ्या. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे आपल्याला पाठ. क्ष + ३ = १२ इथे चालतं. मग मूल ३क्ष = १२ मध्येही ३ पलीकडे नेतं आणि क्ष = १२ − ३ = ९ लिहितं. किंवा चिन्ह बदलायचं म्हणून १२ला −३ने भागतं. शिक्षक दोन्ही बाजूंना ३ने भागायला लावतात आणि तसं लिहायलाही लावतात, ते याचसाठी. पहिले तीन-चार महिने घरीही तसंच करा. असमानता आल्यावर त्याचं महत्त्व कळेल. −२क्ष < ८ मध्ये दोन्ही बाजूंना −२ने भागलं हे डोळ्यांसमोर असेल तरच चिन्ह उलटून क्ष > −४ करायचं लक्षात राहतं.

तिरका गुणाकारही तसाच. दोन गुणोत्तरं समान असतील तेव्हाच तो लागतो. २/३ + क्ष/४ मध्ये बरोबरचं चिन्हच नाही, तरी मुलं तिथे तिरकं गुणतात.

कंचेभागुबेव, बॉडमास आणि इथलं पेमडास या क्रियांचा क्रम लक्षात ठेवायच्या सूत्रांत नियम एकच आहे, पण अक्षरांचा क्रम फसवतो. २४ ÷ ४ × ३ याचं उत्तर १८. पेमडासमध्ये गुणाकाराचं अक्षर आधी येतं म्हणून मूल ४ × ३ आधी करून २ काढतं. गुणाकार-भागाकार समान दर्जाचे, डावीकडून जे आधी येईल ते आधी. बेरीज-वजाबाकीचंही तेच, आणि तिथे घोटाळा सगळ्यांचाच होतो : १० − ४ + ३ म्हणजे ९, तीन नव्हे.

शिक्षक गुणाकारासाठी चौकट काढतात त्याला हसू नका. २३ × १५ चौकटीत मांडलं की २००, १००, ३० आणि १५ असे चार तुकडे होतात, बेरीज ३४५. आपल्या उभ्या मांडणीपेक्षा लांब आहे, खरं. पण पुढे (क्ष + ३)(क्ष + ५) आलं की तीच चौकट क्ष², ५क्ष, ३क्ष, १५ देते आणि उत्तर क्ष² + ८क्ष + १५ होतं. चौकट अंगवळणी पडलेलं मूल (क्ष + ३)²चं क्ष² + ९ सहसा लिहीत नाही. ती चूक अल्जीब्रा वनमध्ये वर्षभर पाठ सोडत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी मुलाने शिक्षकांची रीत तुम्हाला समजावायची, मग तुमच्या रीतीने दोघांनी उत्तर पडताळायचं. भागाकार इथे भाज्याच्या डोक्यावर लिहितात, आपण उजवीकडे लिहायचो. असल्या मांडणीवर मात्र वाद घालू नका.

प्रश्न : होमवर्कला रोज दोन तास जातात. शेवटी रडारड होते आणि मी उत्तर सांगून मोकळी होते. मध्यंतरी तो फोनवर फोटो काढून अ‍ॅपकडून सोडवून घेताना सापडला. (एक आई, नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : गणिताला ४० मिनिटं. टायमर वाजला की पेन्सिल खाली, मग होमवर्क अर्धा राहिला तरी चालेल. जिथे थांबला तिथे तुम्ही लिहा, '४० मिनिटं मन लावून काम, इथपर्यंत झालं', आणि सही करा. दोन तासांचा पूर्ण होमवर्क शिक्षकांची दिशाभूल करतो. त्यांना वाटतं वर्गाला जमतंय.

अडलं की मदत चार पायऱ्यांत, एकेक करून. 'प्रश्न काय विचारतोय ते तुझ्या शब्दांत सांग.' मग 'काय दिलंय, काय काढायचंय?' मग 'वहीत याच्यासारखं सोडवलेलं कोणतं?' तरीही अडला तर तसंच, पण आकडे बदललेलं दुसरं उदाहरण तुम्ही सोडवून दाखवा आणि त्याचं त्याला करू द्या. त्याच्या कागदावर तुमची पेन्सिल लागता कामा नये. एका उदाहरणावर आठ-दहा मिनिटांहून जास्त नको. गोल करून पुढे जायचं आणि सकाळी शिक्षकांना विचारायचं.

अ‍ॅपवर बंदी घालून ते थांबणार नाही. नियम उलटा करा : आधी स्वतःचं उत्तर कागदावर, मग अ‍ॅपशी ताडायचं, आणि वेगळं आलं तर कोणत्या ओळीत फाटा फुटला तिथे खूण. ती खूण नसेल तर अ‍ॅप बंद.

दोन आठवडे असं करूनही रोज निम्मा होमवर्क राहत असेल तर शिक्षकांना ईमेल करा. त्यात तक्रार नको, नोंद हवी : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत रोज ४० मिनिटं, सरासरी इतकी उदाहरणं झाली, या दोन प्रकारांत अडतो, सोबत दोन कागदांचे फोटो. मग तीन प्रश्न विचारा. जादा मदतीचे तास कोणत्या दिवशी? टेस्टचा रीटेक मिळतो का, आणि त्याआधी काय पूर्ण करावं लागतं? होमवर्कमधली कोणती उदाहरणं केलीच पाहिजेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एक-दोन ओळींत येतं आणि संध्याकाळ वाचते.

प्रश्न : वर्ग बदलून साध्या सातवीत टाकावं का? एकदा मागे पडली की पुढे कॅल्क्युलस मिळणार नाही, इंजिनिअरिंगचं दार बंद, असं सगळे सांगतात. (दोघे पालक, फेअरफॅक्स, व्हर्जिनिया)

उत्तर : 'सगळे' जरा जास्तच घाबरवतायत. आठवीत अल्जीब्रा वन झाला तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जीब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत एपी (कॉलेजच्या पातळीचा) कॅल्क्युलस. सातवीतच अल्जीब्रा वन झाला तर हे एक वर्ष आधी. नववीत झाला तर बारावीत प्रीकॅल्क्युलस होतो आणि शाळेत कॅल्क्युलस राहून जातो. पण अनेक हायस्कुलांत दहावीत जॉमेट्री आणि अल्जीब्रा टू एकत्र घेता येतात, काही ठिकाणी उन्हाळ्यात जॉमेट्री करता येते. म्हणजे गेलेलं वर्ष भरून काढायच्या वाटा असतात. तुमच्या हायस्कूलमध्ये यातली कोणती खुली आहे हे काउन्सेलरला आजच विचारा, कारण निर्णय त्यावर आहे.

खरी भीती दुसरी असावी. अल्जीब्रा वन कच्चा राहिला तर अल्जीब्रा टूमध्ये तो व्याजासकट वसूल होतो. एका वर्षाचा उशीर भरून निघतो, कच्चा अल्जीब्रा फार त्रास देतो.

वर्ग कधी बदलावा? वर सांगितलेला २५ मिनिटांचा कागद घ्या. एक-दोन गटांतच भगदाड असेल आणि तीन आठवड्यांत सुधारणा दिसत असेल तर टिकून राहा, मार्क 'सी' असले तरी. पाचांपैकी चार गट कच्चे असतील, किंवा मुलीची झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर बदला, आणि लवकर बदला. दाटीच्या वर्गातून नोव्हेंबरनंतर बाहेर पडलेल्या मुलीला साध्या वर्गात काही भाग दुसऱ्यांदा आणि काही अजिबातच मिळत नाही. बदलण्याआधी राहिलेल्या भागांची यादी शिक्षकांकडून घ्या.

ट्रान्सक्रिप्टचंही (ग्रेडच्या अधिकृत नोंदीचंही) पाहा. मिडल स्कूलमध्ये घेतलेल्या हायस्कूल क्रेडिटच्या कोर्सची ग्रेड काही राज्यांत हायस्कूलच्या नोंदीत जाते. व्हर्जिनियात पालक विनंती करून ती ग्रेड नोंदीतून वगळू शकतात, मात्र मग क्रेडिटही मिळत नाही. मुदत असते, ती शाळेकडून लेखी घ्या.

प्रश्न : मुलगा पाचवीत. प्लेसमेंट टेस्टची (सहावीत गणिताचा कोणता वर्ग द्यायचा ते ठरवणाऱ्या परीक्षेची) तयारी करून घ्यावी का? (एक वडील, ऑस्टिन, टेक्सस)

उत्तर : तुमच्या राज्यात चित्र थोडं वेगळं आहे. टेक्ससच्या २०२३च्या कायद्यानुसार पाचवीच्या राज्य परीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीच्या प्रगत वर्गात आपोआप घालतात, आणि नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं असतं. नॉर्थ कॅरोलिनात २०१८पासून असाच, परीक्षेतल्या वरच्या पातळीवर आधारलेला नियम आहे. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांनी २०१४मध्ये आठवीतला अल्जीब्रा बंद केला आणि तो परत आणायचा ठराव २०२४मध्ये केला. म्हणून दुसऱ्या गावातल्या मित्राचा सल्ला याबाबतीत जपूनच घ्या.

प्रश्नांचं स्वरूप कळावं म्हणून एक-दोन जुने पेपर, एवढी तयारी रास्त. घोकून वर चढवलेलं मूल ऑक्टोबरात उघडं पडतं. त्याऐवजी उन्हाळ्यात अपूर्णांकांच्या चारही क्रिया, भागाकार आणि दशांश चिन्हं पक्की करा.

प्रश्न : मी सहा महिन्यांसाठी नाशिकहून लेकीकडे आले आहे. नातू सहावीत. मला इंग्रजी गणित कळत नाही. मी काय करू शकते? (एक आजी, सध्या सनीव्हेल)

उत्तर : खूप काही, आजी. इथल्या शाळांत पाढे साधारण बारापर्यंत. तुम्ही त्याला २०पर्यंत न्या, मराठीतच, रोज पाच मिनिटं. शिवाय तुमच्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे आहेत. निदान निमकी, पाऊणकी आणि दिडकी म्हणून घ्या. पाऊणकीत 'बारा पाऊणे नऊ' म्हणताना तो ३/४ × १२ करत असतो, हे त्याला सांगाच. अपूर्णांकाने गुणल्यावर संख्या लहान होऊ शकते, ही गोष्ट सहावीतल्या पुष्कळ मुलांना पटत नाही. पाऊणकी म्हणणाऱ्याला ती वेगळी पटवावी लागत नाही. एक सावधगिरी : मराठीत एकक आधी येतो, म्हणून सुरुवातीला त्रेसष्ट आणि छत्तीस ऐकून तो गोंधळेल. उत्तर त्याला आकड्यांत लिहू द्या.

प्रश्न : आमची अडचण उलटी आहे. मुलीला अ‍ॅक्सलरेटेड वर्गही सोपा जातो, दहा मिनिटांत होमवर्क संपतो. आणखी एक इयत्ता वर टाकायचं का? (एक वडील, रेडमंड, वॉशिंग्टन)

उत्तर : लगेच नको. वर सरकण्याऐवजी त्याच भागाची अवघड उदाहरणं द्या. एएमसी ८ ही आठवीपर्यंतच्या मुलांची गणित-स्पर्धा परीक्षा जानेवारीत होते : ४० मिनिटं, २५ प्रश्न, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला दंड नाही. मॅथकाउंट्स या मिडल स्कूलच्या गणित-स्पर्धेची स्प्रिंट फेरी ४० मिनिटांत ३० प्रश्नांची, कॅल्क्युलेटरशिवाय. टार्गेट फेरीत आठ प्रश्न, दोन-दोनच्या जोड्यांनी, प्रत्येक जोडीला सहा मिनिटं. शाळेत संघ आहे का ते विचारा.

सराव असा करा. एएमसी ८च्या जुन्या पेपरातले १६ ते २५ एवढेच प्रश्न घ्या. पहिले पंधरा तिला येतीलच. रोज एक प्रश्न, वेळेचं बंधन नाही, २० मिनिटांच्या आत उत्तर पाहायचं नाही. सुटला तर दुसऱ्या रीतीने सुटतो का ते बघायचं. महिनाभराने दहातले आठ-नऊ सुटत असतील आणि प्रत्येकाचं कारण ती वाक्यात लिहून दाखवत असेल, तर ते कागद घेऊन शिक्षकांकडे जा आणि वरच्या वर्गाचं विचारा. सुटत नसतील, तर तिला करायला पुष्कळ काम मिळालं आहे.